वृषभावतीच्या काठाने

गाव वसले की त्याच्या अंगणातून नदी वाहात असायचीच, अशी मराठी मनाची एक जुनी समजूत आहे. नाशिक म्हटले की गोदावरी, वाई म्हटली की कृष्णा, पंढरपूर म्हटले की चंद्रभागा. नदीवाचून गावाचे नाव पुरतेपणी उच्चारल्यासारखे वाटत नाही. बंगळूर मात्र ह्या समजुतीला अपवाद मानले जाते. एवढ्या मोठ्या राजधानीला नदी नाही, असे तेथे जन्म काढलेली माणसेही निःशंकपणे सांगतात. हे विधान निम्मेच खरे आहे. बंगळुराला मोठी नदी नाही. परंतु शहराच्या पोटातच उगम पावणारी, नैर्ऋत्येच्या बाजूने बाहेर पडणारी आणि अखेर कावेरीच्या पाण्यात मिसळणारी एक नदी तेथे आहे. तिचे नाव वृषभावती. बसवनगुडी ह्या जुन्या वस्तीतील नंदीच्या पायांशी ती उगम पावते, अशी श्रद्धा आहे. ती अजूनही वाहते. पण दगडी आणि सिमेंटच्या भिंतींमधून वाहते, आणि लोक तिला नदी म्हणत नाहीत.

अशी नदी पाहावयाची असेल, तर सायकलीसारखे वाहन नाही. मोटारीत बसलेल्याला जमिनीचा चढउतार जाणवत नाही, आणि पायी चालणाऱ्याला एका दिवसात एवढे अंतर कापणे जड जाते. सायकलस्वाराला मात्र प्रत्येक चढ गुडघ्यांत कळतो आणि प्रत्येक उतार चेहऱ्यावरच्या वाऱ्यात. पाण्यालाही हाच उतार कळतो. म्हणून ज्याला हरवलेली नदी शोधावयाची आहे, त्याने रविवारी पहाटे, रहदारी जागी होण्यापूर्वी, बसवनगुडीच्या देवळापासून निघावे आणि सायकल जिकडे आपोआप धावू लागेल तिकडे तिला सावकाश जाऊ द्यावे. वाट चुकण्याचे भय फारसे नाही.

बसवनगुडी हे नावच मुळी त्या देवळाचे आहे. कन्नडमध्ये बसव म्हणजे नंदी आणि गुडी म्हणजे देऊळ. आतील नंदी एकाच शिळेतून घडविलेला, सुमारे साडेचार मीटर उंच आणि सहा मीटर लांब आहे. त्याच्याविषयी शेतकऱ्यांत एक कथा सांगतात. ह्या टेकड्यांभोवती भुईमुगाची शेते होती, आणि रोज रात्री एक बैल येऊन पीक खाऊन जाई. संतापलेल्या शेतकऱ्याने त्याच्यावर घाव घातला, तेव्हा तो बैल जागच्या जागी दगड होऊन बसला. त्या प्रसंगाच्या स्मरणार्थ कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी तेथे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. तिला ‘कडलेकाई परिषे’ म्हणतात. शेतकरी आपल्या नव्या शेंगा आधी नंदीपुढे ठेवतात आणि मग विकावयास बसतात. भोवती शेते उरली नाहीत, तरी जत्रा उरली आहे. ह्याच नंदीच्या पायांतून वृषभावती निघते, ही श्रद्धा त्याच शेतकरी जीवनातली आहे. जेथे पीक तेथे पाणी, आणि जेथे पाणी तेथे देव, असा तिचा साधा हिशेब होता.

भूगोलही ह्या श्रद्धेला फारसा विरोध करीत नाही. देवळाला लागूनच ‘ब्यूगल रॉक’ नावाचा उघडा खडक आहे. दक्षिण भारताच्या पठाराचा पाया ज्या अतिप्राचीन खडकाने घातला, त्याच खडकाचे हे डोके जमिनीबाहेर आलेले आहे. बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर, एका लांबट उंचवट्याच्या पाठीवर वसले आहे. त्या उंचवट्याच्या पूर्वेला पडलेला पाऊस दक्षिण पिनाकिनीकडे जातो, पश्चिमेला पडलेला वृषभावतीकडे. अशा पाणलोटाच्या माथ्यावर मोठी नदी असणारच कशी? तेथे नद्यांचे जन्म होतात, त्यांचे तारुण्य पाहावयास खाली उतरावे लागते.

उतरण्यापूर्वी थोडा वेळ बसवनगुडीत रेंगाळण्याजोगा आहे. १८९८ साली बंगळुरात प्लेग आला. जुन्या पेठेतील दाट वस्ती विरळ करण्याची निकड तेव्हा सर्वांना पटली, आणि रुंद रस्ते, झाडे, मोकळी अंगणे अशी आखणी असलेल्या बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् ह्या दोन वस्त्यांना वेग आला. गांधी बाजारात १९४३ साली निघालेल्या ‘विद्यार्थी भवना’त सकाळी डोशासाठी रांग लागते. जवळच ‘गोखले सार्वजनिक संस्था’ आहे. कन्नडचे विचारवंत डी. व्ही. गुंडप्पा ह्यांनी १९४५ साली ती उभारली आणि तिला नाव दिले ते गोपाळ कृष्ण गोखले ह्यांचे. महाराष्ट्रातून आलेल्या वाटसरूला ह्या पाटीपाशी क्षणभर थांबावेसे वाटते. मराठी आणि कन्नड ह्यांच्यामधील वाद पुष्कळ ऐकू येतात. असे ऋणानुबंध मात्र शांतपणे रस्त्याच्या कडेला उभे असतात.

देवळाच्या टेकडीवरून वायव्येकडे उतरू लागले की गवीपुरम् लागते. तेथे खडकात कोरलेले गवी गंगाधरेश्वराचे मंदिर आहे. मकरसंक्रांतीच्या दिवशी मावळत्या सूर्याचे किरण बाहेरच्या नंदीच्या शिंगांमधून आत शिरतात आणि लिंगावर पडतात. मंदिरापासून पुढे गेले की केंपांबुधी तळे आणि त्याच्या बांधाजवळचा केंपेगौडाचा मनोरा दिसतो. येथे नदीची पहिली खरी भेट होते, आणि येथेच तिचा इतिहास सुरू होतो.

केंपेगौडा हा विजयनगरच्या साम्राज्यातील एक नायक. त्याने १५३७ साली बंगळूरचा मातीचा किल्ला बांधिला आणि पेठ वसविली. नदी नसलेल्या माथ्यावर शहर वसवावयाचे तर पाणी अडविल्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणून त्याने आणि त्याच्या वंशजांनी दरीदरीला बांध घालून तळी निर्माण केली. कन्नडमध्ये तळ्याला ‘केरे’ म्हणतात. वरचे तळे भरले की त्याचे जादा पाणी एका चरातून खालच्या तळ्यात जाई, तेथून त्याच्याही खालच्या. तळ्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या ह्या मुख्य चरांना ‘राजकालुवे’ असे नाव आहे. मराठी कानाला हा शब्द परका वाटत नाही. कालुवे म्हणजे आपला कालवाच. राजकालुवे म्हणजे राजकालवा. खडकवासल्याचे धरण १८७९ साली पुरे झाले आणि त्याचा कालवा पुण्याच्या पूर्वेकडील कोरड्या शेतांकडे पाणी नेऊ लागला, तेव्हापासून कालवा हा शब्द मराठी शेतकऱ्याच्या तोंडी आशेचा शब्द झाला आहे. बंगळुरात आज ‘राजकालुवे’ म्हटले की नाक दाबावे लागते. वृषभावती ह्या शब्दाबरोबरच घसरली. ती नदी होती. ती राजकालुवे झाली. आणि राजकालुव्याचा अर्थ गटार असा झाला.

ह्या तळ्यांच्या गावाशी मराठ्यांचाही संबंध आला. १६३८ साली आदिलशाहीचा सरदार रणदुल्लाखान ह्याने बंगळूर जिंकले. केंपेगौडाचे घराणे मागडीला गेले, आणि बंगळूरची जहागीर शहाजीराजांकडे आली. जिजाबाईंसह बालशिवाजीही काही काळ येथे होते, असे इतिहासकार मानतात. शहाजीराजांच्या दरबारात अनेक भाषांचे कवी जमत. जयराम पिंड्ये ह्याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त त्या दरबाराचे वर्णन आहे, आणि हा ग्रंथ इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनी १९२२ साली छापून प्रसिद्ध केला. पुढे व्यंकोजीराजे तंजावरला गेले, आणि १६८७ च्या सुमारास तीन लाखांच्या व्यवहाराने बंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेले. सत्ता विजयनगरची असो, विजापूरची असो, मराठ्यांची असो की म्हैसूरची असो. शहराने पाणी प्यावे ते तळ्यांचे आणि विहिरींचे, ह्या व्यवस्थेत फरक पडला नाही. राज्ये बदलत होती, पण बांध राखावेच लागत होते.

बांध राखण्याची ती गरज संपली ती राज्य बदलल्याने नव्हे, तर नळ आल्याने. १८९६ साली हेसरघट्टा येथून, म्हणजे अर्कावती नदीच्या खोऱ्यातून, बंगळुराला नळाचे पाणी मिळू लागले. १९३३ साली त्याच नदीवर तिप्पगोंडनहळ्ळीचा जलाशय झाला. १९७४ साली कावेरीचे पाणी शहरात पोहोचले. पाणी दुरून, आणि न मागता घरात येऊ लागले, तसे जवळच्या तळ्याचे महत्त्व ओसरले. धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज शहराचे मुख्य बसस्थानक आहे. संपंगी तळ्याचा बहुतेक भाग क्रीडांगणाखाली गेला. तळी गेली, पण पाऊस गेला नाही. पूर्वी जे पाणी तळ्यातळ्यात विसावत उतरत असे, ते आता एकदम धावत खाली येऊ लागले. मग पुराची भीती आली, आणि पुरावर उपाय म्हणून नदीला भिंती आल्या.

ह्या भिंती म्हैसूर रस्त्याला लागताच दिसू लागतात. रस्त्याच्या कडेने खोल, सरळ पाट गेलेला आहे. त्याचे तळ आणि बाजू बांधलेल्या, वर जाळ्या, आणि आत काळसर पाणी वेगाने वाहताना दिसते. नदीला असे सरळ करण्याचे शास्त्र युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जोरात आले. जर्मनीतील बाडेनच्या राज्यात योहान गोटफ्रीड टुला ह्या अभियंत्याने १८१७ साली ऱ्हाईन नदीची वळणे तोडण्याचे काम सुरू केले. ते पुरे झाले तेव्हा बाझेल ते वोर्म्स ह्या टप्प्यात नदीची लांबी सुमारे ऐंशी किलोमीटरनी घटली होती. योगायोग असा, की त्याच बाडेनच्या राज्यात, त्याच १८१७ साली, कार्ल ड्राईस ह्या गृहस्थाने मानहाईम येथून दोन चाकांच्या लाकडी गाडीवर बसून, पायांनी जमीन ढकलीत, तासाभराच्या आत चौदा-एक किलोमीटरची फेरी मारली. ती गाडी म्हणजे आजच्या सायकलीची आद्य आई. सरळ केलेली नदी आणि सायकल ह्या एका वर्षाच्या आणि एका मुलखाच्या बहिणी ठरल्या.

पुढे ह्या बहिणींची चांगली गट्टी जमली. युरोपातील कालव्यांच्या आणि बांधीव नद्यांच्या काठाने घोडी नावा ओढीत चालत असत. त्यांच्यासाठी काठाला सपाट वाट राखलेली असे. नावांना यंत्रे बसली, घोडी गेली, आणि त्या मोकळ्या वाटा सायकलस्वारांना मिळाल्या. चढ नाही, गर्दी नाही, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला झाडे. दिवसभर रमतगमत जाण्याला ह्यापरते सुख नाही. परंतु भिंतींचा हिशेब टुलाच्या नदीनेही चुकता केला. वळणे गेली तसा प्रवाहाचा वेग वाढला. वेगाने तळ खरवडला. तळ खोल गेला तशी काठची भूजलपातळी उतरली. पाणी सरळ केले म्हणजे ते लवकर जाते, एवढेच खरे. ते पुढच्या माणसाच्या अंगणात लवकर पोहोचते, हेही तितकेच खरे.

वृषभावतीच्या काठाला घोड्यांची वाट कधी नव्हती, कारण तिच्यावर नावा चालल्या नाहीत. म्हणून येथल्या सायकलस्वाराला काठ सलग मिळत नाही. कधी रस्त्यावरून, कधी मागच्या गल्लीतून, कधी पुलाच्या कठड्याशी थांबून, तुकड्यातुकड्यांनी नदीची गाठ घ्यावी लागते. ब्याटरायनपुरा येथे रस्त्यालगत गाळी आंजनेयाचे देऊळ आहे. गाळी म्हणजे वारा. हा वाऱ्याचा पुत्र. येथील मूर्तीची स्थापना माध्व संप्रदायातील थोर यती व्यासराय ह्यांनी केली, असे परंपरा सांगते. वृषभावती आणि पश्चिमवाहिनी ह्या दोन प्रवाहांच्या संगमावर हे स्थान निवडले गेले, असेही सांगतात. रविवारी देवळात दर्शनाची गर्दी असते. ज्या पाण्याने ह्या जागेला पावित्र्य दिले, ते मात्र पलीकडच्या भिंतीआड आहे. भाविक हात जोडतात ते आंजनेयाला, आणि नाकाला पदर लावतात तो त्याच्या नदीसाठी.

पुढे नायंडहळ्ळी येते. मल्लेश्वरम्, राजाजीनगर ह्या वस्त्यांकडून आलेले प्रवाह इथवर एकत्र झालेले असतात. ह्याच खोऱ्यात १८८४ साली निघालेली आणि पुढे बिन्नी कंपनीच्या नावाने प्रसिद्ध झालेली कापडगिरणी होती. उत्तरेकडे पीण्या येथील औद्योगिक वसाहत वाढली, आणि तिकडचे पाणीही ह्याच नदीत येते. नायंडहळ्ळीजवळ सांडपाणी शुद्ध करण्याचे मोठे केंद्र १९७० च्या दशकापासून आहे; परंतु शहर त्याच्यापेक्षा वेगाने वाढत गेले. पुढे बंगळूर विद्यापीठाच्या ज्ञानभारती परिसराजवळून नदी जाते, आणि डोक्यावर मेट्रोचा पूल तिला सोबत करतो. ऑगस्ट २०२१ मध्ये ही मेट्रो केंगेरीपर्यंत गेली. उतारूंना खिडकीतून नदी दिसते, पण ती नदी आहे, असे सांगणारी पाटी क्वचितच दिसते.

येथे थांबून एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. मूळची वृषभावती ही लहान, पावसावर जगणारी नदी होती. आज ती बारा महिने वाहते. भर वैशाखातही तिला पाणी असते. हे पाणी येते कोठून? कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून, जवळजवळ पाचशे मीटर उंच चढवून, बंगळुरात आणले जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्या योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला आणि रोज आणखी ७७५ दशलक्ष लिटर पाणी आणण्याची सोय झाली. घराघरांत ते वापरले जाते आणि त्याचा मोठा भाग मलिन होऊन दऱ्यांत उतरतो. पश्चिमेचे पाणी वृषभावतीतून अर्कावतीत जाते, आणि अर्कावती संगम ह्या ठिकाणी कावेरीला मिळते. म्हणजे कावेरीचेच पाणी एवढ्या सायासाने माथ्यावर चढते आणि वृषभावतीच्या रूपाने पुन्हा कावेरीकडे परतते. नदी आटली, ही तक्रार बंगळुराला करता येणार नाही. शहराने आपल्या नदीला पाणी भरभरून दिले. स्वच्छ पाणी मात्र दिले नाही.

केंगेरी हे जुने गाव ओलांडले की म्हैसूरचा नवा महामार्ग लागतो. १ ऑगस्ट २०२३ पासून त्याच्या मुख्य मार्गिकांवर दुचाकींना आणि सायकलींना मज्जाव आहे. बाजूच्या रस्त्याने जावे लागते. सावकाश जाणाऱ्याचे त्यात काही बिघडत नाही. बिडदीला ‘तट्टे इडली’ मिळते. कन्नड तट्टे म्हणजे मराठी ताटच. ताटलीएवढी, मऊ, पांढरी इडली, आणि वर लोण्याचा गोळा. दुपारची विश्रांती येथे घ्यावी आणि मग दक्षिणेला वळावे.

उन्हे उतरताना बैरमंगलचा जलाशय दिसतो. वृषभावतीवर बांध घालून तो विसाव्या शतकाच्या चाळिशीत झाला, तो शेतीसाठी. त्याच्या खालच्या शेतांत भात पिके. पुढे पाण्याचा रंग बदलला तशी पिकेही बदलली. भाताची जागा गुरांच्या गवताने, कोवळ्या मक्याने, तुतीने घेतली. तुतीवर रेशमाचे किडे पोसले जातात आणि कोश रामनगरच्या बाजारात जातात. जलाशयाच्या सांडव्याखाली पांढरा फेस उठतो. वाऱ्याने त्याचे गोळे उडतात. दुरून पाहणाऱ्याला तो धुक्यासारखा सुंदर वाटतो. बांधावरून घरी जाणारा शेतकरी त्याच्याकडे पाहात नाही. त्याला त्या पाण्याची गरज आहे आणि त्या पाण्याची धास्तीही आहे. उन्हाळ्यात ओलीत करू देणारे तेच, आणि विहिरीचे पाणी पिणे सोडावयास लावणारेही तेच. शहरातील माणसाला ही नदी विसरणे परवडते. ह्याला परवडत नाही.

हे दुखणे असाध्य आहे काय? दक्षिण कोरियाच्या सोल शहरात चेओंगग्येचेओन नावाचा ओढा १९५८ पासून काँक्रीटखाली झाकला गेला, आणि त्यावरून उन्नत रस्ता नेला गेला. २००३ ते २००५ ह्या काळात तो रस्ता पाडून सुमारे सहा किलोमीटरचा ओढा पुन्हा उघडा करण्यात आला. आज त्यात वाहणारे बरेचसे पाणी हान नदीतून पंपाने आणलेले असते, तेव्हा जुना ओढा जसाच्या तसा परत आला, असे म्हणता येणार नाही. तरीही लोक काठावर येऊन बसू लागले. बंगळुरातही २०२१ पासून कोरमंगल दरीतील राजकालुव्याच्या काही भागाचा काठ चालण्याजोगा करण्याचा प्रयत्न झाला आहे. ह्या प्रयत्नांचे खरे मोल सुशोभनात नाही. काठावर माणूस आला म्हणजे तो पाण्याकडे पाहतो, आणि पाहिले म्हणजे प्रश्न विचारतो: हे पाणी कोणाचे, कोठून आले, कोठे जाणार?

बसवनगुडीच्या शेतकऱ्याने हे प्रश्न विचारले होते आणि त्यांचे उत्तर नंदीच्या पायांशी शोधले होते. त्याची कथा भूगर्भशास्त्राला मान्य होणार नाही. पण तिच्यामुळे त्या पाण्याला एक उगम मिळाला, नाव मिळाले, आणि त्याला मलिन करताना हात अडखळावा अशी एक मर्यादा मिळाली. गटाराला उगम नसतो आणि मर्यादाही नसते. बैरमंगलच्या बांधावर दिवस मावळतो तेव्हा सकाळच्या देवळापासून सायकलीने जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटर अंतर कापलेले असते. कार्तिकातील शेवटच्या सोमवारी नंदीपुढे पुन्हा शेंगांचे ढीग लागतील. त्या दिवशी येणाऱ्या हजारो माणसांपैकी थोड्या जणांनी जरी ह्या देवळापासून निघणाऱ्या पाण्याला पुन्हा वृषभावती म्हणावयास आरंभ केला, तरी बैरमंगलच्या शेतकऱ्याचे निम्मे गाऱ्हाणे शहराच्या वेशीवर पोहोचेल.